रक्त वाढवावे, पण किती?

हिमोग्लोबिन हा शब्द हल्ली आपल्या घरांत मीठमोहरीइतका रुळला आहे. आकडा जरा घसरला की खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे यांचा मारा सुरू! त्यात गैर काही नाही. पण आकडा जितका वर तितका माणूस ठणठणीत, ही समजूत मात्र घातक आहे.

तांबड्या पेशी किती घडवाव्यात, हा हुकूम हाडांतल्या मगजाला सोडते ते मूत्रपिंड. तेथे प्राणवायू कमी पोचू लागला की 'एरिथ्रोपोएटिन' नावाचे द्रव्य रक्तात उतरते. ते शुद्ध रूपात मिळवण्याची कथा मोठी नवलाची आहे. ज्यांचा मगज रक्त घडवेनासा झाला होता अशा रोग्यांचे २,५५० लिटर मूत्र जपानात ताकाजी मियाके यांनी जमवून आटवले आणि तो अर्क शिकागोला यूजीन गोल्डवासर यांच्याकडे नेला. १९७७ साली त्यातून हाती आले ते अवघे काही मिलिग्रॅम! १९८९ साली अमेरिकेत याच्या इंजेक्शनाला मान्यता मिळाली आणि डायलिसिसच्या कितीतरी रोग्यांचे वरचेवर रक्त भरणे टळले.

आमच्या शेजारचे नाना त्यांतलेच. हिमोग्लोबिन ८ वरून ११ वर आले, जिना चढू लागले. त्यांचा मुलगा मला म्हणाला, "काका, डोस वाढवून १४ करून टाकू की! पैशाचा प्रश्न नाही."

प्रश्न पैशाचा नव्हताच. शरीराला मिळणारा प्राणवायू रक्तात तो किती आहे आणि ते रक्त किती वाहते, या दोहोंवर ठरतो. पेशी फार झाल्या की रक्त दाटते. गृहिणींना सांगायला नको, पक्का पाक पातळ पाकासारखा ओतता येत नाही. हृदयाला जोर पडतो, गुठळीची भीती वाढते. पेरूच्या उंच पहाडांत असे रक्त झालेल्यांना डोकेदुखी व धाप छळते. उलट तितक्याच उंचीवरच्या कित्येक तिबेटी लोकांचे हिमोग्लोबिन सपाटीवरच्या माणसांहून फारसे अधिक नसते, आणि ते सुखाने नांगर धरतात!

२००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूत्रपिंडाच्या रोग्यांचे दोन गट केले होते. एकाचे लक्ष्य १३.५, दुसऱ्याचे ११.३. मृत्यू आणि हृदयविकार अधिक झाले ते पहिल्या गटात.

मी मुलाला एवढेच सांगितले, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुईला हात लावू नकोस. डॉक्टरांनी डोस तोच ठेवला आणि नानांच्या रक्तातले लोह तपासायला सांगितले; लोह नसेल तर हुकूम सुटूनही मगज बिचारा पेशी घडवणार कशाच्या?