संजीवके झाडाची, नफा कोणाचा?

पेरण्या आटोपल्या की बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रांच्या फळ्यांवर रंगीत बाटल्या येऊन बसतात. कास्तकार त्यांना सरसकट ‘टॉनिक’ म्हणतो. भरघोस वाढ, टपोरी बोंडे, लवकर पक्वता आणि रोगांना प्रतिकार, ही सारी आश्वासने एकाच बाटलीवर छापलेली! कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवणारा कोरडवाहू कास्तकार ती बहुधा उधारीवर नेतो आणि माल विकून फेडतो. निवडणुकीच्या जाहीरनाम्यानेही लाजावे अशी ही आश्वासने शास्त्राच्या कसोटीला उतरतात काय, हे विचारण्याची सवड त्याला कोणी ठेवलेली नाही.

शास्त्र काय सांगते? वनस्पती आपला कारभार अत्यल्प प्रमाणातील संजीवकांच्या द्वारे चालवते. फळ पिकवणारे संजीवक म्हणजे इथिलीन हा वायू. पिकणारे सफरचंद तो स्वतःच निर्माण करते, हे रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये सिद्ध केले. केळी, आंबा यांत इथिलीन वाढले की पिष्टाची साखर होते आणि पेशीभित्तिका सैल पडतात. वऱ्हाडच्या संत्र्याची गोष्ट निराळी. तोडल्यानंतर इथिलीनने त्याची साल पिवळी होईल, आतली गोडी वाढणार नाही. शिवाय पिकणे म्हणजे काही अंशी शस्त्रे खाली ठेवणेच होय. कच्च्या आंब्याच्या सालीत निपचित पडून राहिलेली करप्याची बुरशी फळ मऊ होताच काळे डाग पाडत बाहेर येते.

प्रतिकाराची व्यवस्था तर याहून गुंतागुंतीची. जिवंत पेशींवर पोसणाऱ्या रोगजंतूंविरुद्ध मुख्यतः सॅलिसिलिक आम्ल उभे राहते. पाने कुरतडणाऱ्या अळ्यांविरुद्ध जास्मोनिक आम्ल, आणि पेशी मारून खाणाऱ्या बुरशीविरुद्ध जास्मोनिक आम्ल व इथिलीन मिळून. या दोन फळ्या पुष्कळदा एकमेकींना दाबतात. वाढ घडवणारे जिबरेलिन आणि संरक्षण करणारे जास्मोनिक आम्ल यांच्यातही अशीच ओढाताण असते. कास्तकाराच्या घरखर्चासारखेच हे आहे. एकीकडे हात सैल सोडला की दुसरीकडे आखडावा लागतो. वाढ आणि प्रतिकार दोन्ही पुरेपूर देणारी बाटली झाडाच्या या हिशेबात बसत नाही.

मग ती विकण्याचा परवाना कोणी दिला? पुष्कळांना कोणीच दिला नव्हता! जिबरेलिक आम्ल, इथेफॉन यांसारखी संजीवके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. ‘जैव उत्तेजके’ या गोंडस नावाचा माल मात्र फेब्रुवारी २०२१ पर्यंत कोणत्याही केंद्रीय नियंत्रणाखाली नव्हता. तेव्हा तो खत नियंत्रण आदेशात आणला गेला, पण तात्पुरत्या नोंदणीच्या सवलतीने विक्री जून २०२५ पर्यंत चालूच राहिली. सुमारे ३०,००० उत्पादने वर्षानुवर्षे तपासणीविना विकली जात होती, ही कबुली खुद्द केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जुलै २०२५ मध्ये दिली. छाननीनंतर त्यांतली सुमारे ६५० उरली, असेही त्यांनी सांगितले. उरलेल्या बाटल्यांपायी ज्यांच्या खात्यावर उधारी चढली, त्या कास्तकारांनी कोणाचे दार ठोठावायचे?

संजीवकांचे शास्त्र खोटे नाही. आंबिया बहाराच्या संत्र्याची फळगळ रोखण्यासाठी १०० लिटर पाण्यात दीड ग्रॅम जिबरेलिक आम्ल आणि एक किलो युरिया, इतकी नेमकी शिफारस सार्वजनिक संशोधनाने दिलेली आहे. पीक, प्रमाण आणि वेळ ठरलेली. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ उभे आहे, बार्शीटाकळीपासून सुमारे वीस किलोमीटरवर. तरी तेथील ज्ञानाआधी कंपनीचा प्रतिनिधी बांधावर पोहोचतो, कारण त्याच्या मोटारसायकलीचे पेट्रोल त्याच बाटलीच्या किमतीतून निघते.

फळबाजारातही न्याय तोच. आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असणाऱ्या कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास बंदी आहे आणि ती योग्यच आहे. २०१६ पासून दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत इथिलीन वापरण्यास मुभा आहे. परंतु त्यासाठी लागणारे पिकवणगृह बांधणे बड्या व्यापाऱ्यालाच परवडते; हातगाडीवाल्याच्या वाट्याला फक्त कायद्याचा धाक येतो. बाजार समित्या शेतमालावर उपकर घेतात. त्यातून प्रत्येक तालुक्याला एक सार्वजनिक पिकवणगृह उभारले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी या हंगामात गावोगाव टॉनिकच्या पावत्या व रिकाम्या बाटल्या गोळा कराव्यात, त्यांवरील नोंदणी क्रमांक उतरवून घ्यावेत आणि यादी घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जावे. प्रत्येक बाटलीतील घटक आणि तिच्या चाचणीचा अहवाल लेखी मिळेपर्यंत तेथून उठू नये.