व्यासपीठावरची उसनवारी

आमच्या सीमाभागात मराठी भाषणांना तोटा नाही. सतरा जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन, मग शिवजयंती, गणेशोत्सवातली व्याख्याने, एक नोव्हेंबरचा काळा दिन, आणि अधूनमधून शाळाशाळांतल्या वक्तृत्व स्पर्धा. ध्वनिक्षेपकाला उसंत नसते. तरीही स्पष्टच म्हणतो, या भाषणांतून घरी नेण्याजोगा विचार क्वचितच मिळतो. दोष मुलांचा नाही. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या वडीलधाऱ्या मंडळींचा आहे.

गेल्या वर्षी एका आंतरशालेय स्पर्धेत मी परीक्षक होतो. विषय ‘माझी मातृभाषा’. चौदा मुले बोलली. बहुतेकांनी ज्ञानेश्वरांच्या अमृताच्या पैजेने सुरुवात केली, मध्ये शिवराय आले, शेवटी मराठी अमर झाली. एका मुलाला मधले वाक्य आठवेना, तेव्हा पहिल्या रांगेतल्या त्याच्या आईने ते ओठांनी सुचवले. भाषण कोणी लिहिले होते हे सांगायला नको. गुण द्यायचे होते आवाज, हावभाव आणि पाठांतर यांना. ‘विचार’ असा रकानाच तक्त्यात नव्हता.

पाठांतराला माझा विरोध नाही. अभंग, श्लोक, कविता मुलांनी मुखोद्गत कराव्यात, जीभ वळते. पण मग त्याला पाठांतर स्पर्धाच म्हणावे. दुसऱ्याने लिहिलेले आपले म्हणून खपवायला लावणे आणि त्याला वक्तृत्वाचा ढाल-चषक देणे, ही मुलाला व्यासपीठावर शिकवलेली लबाडी आहे.

“एवढ्याशा मुलांना कुठले विचार सुचणार, सर?” असे पालक विचारतात. मी उलट विचारतो, आपल्या भागातल्या मुलांइतके विषय कोणाकडे आहेत? घरी मराठी, बाजारात कानडी, वर्गात इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. शेताचा उतारा कानडीत येतो आणि सहावीतली नात तो आजीला वाचून दाखवते. घरातले सर्वांत धाकटे माणूस थोरल्यांचे दुभाषी होते, तेव्हा त्या घरात काय बदलते? यावर ती मुलगी पाच मिनिटे सहज बोलेल. पण आपण तिला सांगतो, “ते नको गं, काहीतरी भारदस्त बोल.”

अण्णा, अक्का, तूप हे शब्द कानडीतून आल्याचे आपलीच व्याकरणाची पुस्तके सांगतात. भाषेच्या भांडणात हे शब्द कोणत्या बाजूला उभे राहतात, हाही भाषणाचा विषय आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० क चा उल्लेख त्या चौदांपैकी एकाच्याही भाषणात नव्हता. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे तो राज्याला सांगतो. सातव्या घटनादुरुस्तीने तो अमलात आला तो दिवस १ नोव्हेंबर १९५६, म्हणजे आपण काळा दिन पाळतो तोच. एवढी एक गोष्ट हाती घ्यावी, आपल्या गावच्या मराठी शाळेत वर्ग किती आणि शिक्षक किती ते मोजून यावे. भाषण उभे राहते.

भारदस्तपणाची हौस असणाऱ्यांनी लोकमान्यांकडे पाहावे. १ मे १९१६ रोजी ते याच बेळगावात स्वराज्यावर बोलले. बादशहाला धक्का न लावता नोकरशाहीवर बोट कसे ठेवायचे, हा पेच होता. त्यांनी दाखला घेतला देवाचा आणि पुजाऱ्याचा. समोरच्या प्रत्येकाने तो आपल्या गावच्या देवळात पाहिलेला होता. या भाषणावरून आणि अहमदनगरच्या दोन भाषणांवरून सरकारने त्यांच्यावर कारवाई केली, वीस हजारांचा जातमुचलका मागितला. नोव्हेंबर १९१६ मध्ये उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. सुभाषितांच्या माळेवर कुठल्या सरकारने कधी खटला भरला आहे?

आता मोठ्यांच्या व्यासपीठाविषयी. १९५६, १९६७ चा महाजन अहवाल, २००४ चा सर्वोच्च न्यायालयातला दावा, या सनावळ्या आमचे वक्ते उजळणीसारख्या म्हणतात. त्या खऱ्या आहेत, त्यांमागचे दुःखही खरे आहे. पण समोर बसलेल्या माणसाला त्या तोंडपाठ आहेत. त्याच्या मनात वेगळाच प्रश्न असतो: “माझ्या नातवाला मराठी शाळेत घालू की नको?” त्यावर व्यासपीठ गप्प. कारण व्यासपीठावरच्या अनेकांची नातवंडे इंग्रजी शाळेत केव्हाच गेलेली असतात. ‘मी माझ्या नातीला तिकडे का घातले’ एवढे एखाद्या पुढाऱ्याने खरेखुरे सांगितले, तर ते भाषण लोक वर्षभर विसरणार नाहीत.

हे मी भाषणकलेच्या काळजीने लिहीत नाही. ज्या मुलाला मराठीत फक्त दुसऱ्याची वाक्ये म्हणायची सवय लागते, तो स्वतःच्या मनातले सांगायची वेळ आली की दुसरी भाषा धरतो. मग मराठी उरते ती हार घालण्यापुरती.

तेव्हा पालकहो, यंदाच्या स्पर्धेला मुलाचे भाषण लिहून देऊ नका. त्याला जेवताना विचारा, “या आठवड्यात तुला काय खटकले? ते आमच्यापेक्षा तुला जास्त काय ठाऊक आहे?” उत्तर अडखळत येईल, येऊ द्या. आणि परीक्षकांनी तक्त्यात एक रकाना वाढवावा. त्यात आवाजापेक्षा दुप्पट गुण ठेवावेत.