खेळणी कपाटात नकोत, मुलांच्या हाती हवीत

ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू केले, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यातल्या बालवाडीला परवडणारी नव्हती. मग त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे अशा परिसरातल्याच वस्तूंतून साहित्य उभे केले. असा वारसा असलेल्या महाराष्ट्रात अंगणवाडीतली खेळणी कुलूपबंद दिसली की वाईट वाटते.

चार वर्षांचे मूल चिंचोके निवडताना पाहावे. आधी मूठभर उचलते, निम्मे सांडते. मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एकेक धरून गडद इकडे, फिकट तिकडे असे ढीग लावते. पुढे पेन्सिल पेलणारी बोटे इथे तयार होतात. वर्गीकरण आणि मोजणीची सुरुवातही इथलीच. (तीन वर्षांखालच्या मुलांना मात्र असे बारीक जिन्नस देऊ नयेत, ते थेट तोंडात जातात.)

भातुकलीत तर भाषा नुसती वाहते. ‘पाहुणे आलेत, चहा टाका’ म्हणताना मूल दुसऱ्याच्या भूमिकेत शिरते, आपली पाळी येईपर्यंत थांबते, भांडते आणि भांडण मिटवतेही.

एनसीईआरटीने 2023 मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ ही खेळ-साहित्याची पेटी आणली, हे चांगलेच झाले. पण पेटी आली म्हणजे खेळ सुरू झाला असे नाही. मोडतोडीचा जाब आपल्यालाच विचारला जाईल, अशी धास्ती असलेली अंगणवाडी सेविका कपाटाला कुलूप लावणारच. म्हणून तुटलेल्या खेळण्यांच्या बदलीसाठी दरवर्षी स्वतंत्र तरतूद हवी आणि मांडणी मुलांचा हात पोचेल इतकीच उंच हवी.