शेवटून पहिला

बालमित्रांनो, शर्यतीत सगळ्यांत मागे असलेला गडी पहिला येऊ शकतो का? "हो, कासव आलं होतं की!" असं तुमच्यातलं कुणीतरी लगेच म्हणेल. बरोबर आहे. पण त्या गोष्टीतला ससा वाटेत झोपला होता. आज मी जी शर्यत सांगणार आहे, तिच्यात कुणीही झोपलं नव्हतं. पाचही जण जीव तोडून पळत होते. आणि ही नुसती गोष्ट नाही बरं का, खरीखुरी घडलेली हकिगत आहे.

दिवस होता १६ फेब्रुवारी २००२. ठिकाण, अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी हे शहर. तिथं हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा चालू होत्या. आपल्या ओळखीचं ऑलिंपिक उन्हाळ्यातलं. हे त्याचंच थंडीतलं भावंड. यातले सगळे खेळ बर्फावरचे. त्यांतला एक म्हणजे शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग, म्हणजे छोट्या रिंगणातली बर्फावरची शर्यत. १९८८ साली कॅनडातल्या कॅलगरीला हा खेळ नुसता प्रदर्शनापुरता झाला आणि १९९२ साली फ्रान्समधल्या आल्बेरव्हिलपासून त्याला पदकं ठेवली गेली.

आधी खेळ समजून घेऊ, म्हणजे पुढची गंमत कळेल. ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी बर्फाची फरशी असते. तिच्यावर लंबगोल मार्ग आखतात. त्याची एक फेरी १११.१२ मीटरची. १००० मीटरच्या शर्यतीला ९ फेऱ्या. वहीत गुणाकार करून बघा, १०००.०८ येतील. म्हणजे ८ सेंटिमीटर जास्तच!

आपल्या मैदानावरच्या शंभर मीटरच्या शर्यतीत प्रत्येकाला चुन्याने आखलेली आपापली पट्टी असते. इथं तसं काही नाही. सगळे एकाच घोळक्यात. पुढे जायचं तर दुसऱ्याला ओलांडायचं, पण त्याला धक्का द्यायचा नाही. दिला तर पंच बाद करतात. वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर, आणि बुटांना ब्रेक नाही!

बुटाखाली पोलादाचं लांब, पातळ पातं असतं. हे खेळाडू नेहमी डावीकडेच वळतात, म्हणून ते पातं बुटाच्या मधोमध न लावता जरा डावीकडे सरकवून लावतात आणि वळणाच्या दिशेने किंचित वाकवतात. सायकल जोरात वळवताना तुम्ही आतल्या बाजूला कलता ना? तसेच हे खेळाडू कलतात, पण इतके की डाव्या हाताची बोटं बर्फाला टेकतात. म्हणून हातमोज्याच्या बोटांवर कडक, गुळगुळीत टोपणं बसवलेली असतात. डोक्यावर हेल्मेट, गळ्याला संरक्षक पट्टा आणि रिंगणाच्या कडेने जाड गाद्या. एवढी तयारी कशासाठी, ते पुढे कळेलच.

आता त्या दिवसाकडे वळू. १००० मीटरच्या अंतिम शर्यतीत पाच जण होते. अमेरिकेचा अपोलो अँटन ओनो, चीनचा ली जियाजुन, कॅनडाचा मॅथ्यू टर्कॉट आणि दक्षिण कोरियाचा आन ह्युन-सू. हा आन फक्त १६ वर्षांचा होता, म्हणजे आपल्याकडच्या अकरावीतल्या दादाएवढा. पाचवा होता ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी, वय २८. त्याला पदक मिळेल असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शर्यत सुरू झाली. एक फेरी, दोन फेऱ्या... चौघे एकमेकांना चिकटून पळताहेत आणि ब्रॅडबरी आपला मागे. शेवटच्या फेरीत तर तो चांगला १५ मीटर मागे पडला. आलं शेवटचं वळण. ली बाहेरच्या बाजूने ओनोला गाठायला गेला. दोघांची झटापट झाली, ली घसरला. ओनोचा तोल गेला, आन आणि टर्कॉट त्याच्यात अडकले आणि बघता बघता चौघेही धडाधड गाद्यांवर जाऊन आपटले!

राहिला कोण? मागून येणारा ब्रॅडबरी. तो शांतपणे त्या पडलेल्यांच्या बाजूने आला आणि रेषा ओलांडून गेला. वेळ १ मिनिट २९.१०९ सेकंद. ओनोने जखमी पायाने कशीबशी रेषा गाठून रौप्यपदक मिळवलं, टर्कॉटला कांस्य मिळालं. ब्रॅडबरीने हात वर केले खरे, पण चेहऱ्यावर आनंदापेक्षा आश्चर्यच जास्त होतं. ऑस्ट्रेलियाचं, इतकंच काय, पृथ्वीच्या अख्ख्या दक्षिण गोलार्धाचं ते हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक!

ही हकिगत मी वर्गात सांगितली तेव्हा मुलं पोट धरून हसली. मग मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "बाई, म्हणजे त्याला आयतंच मिळालं की!" दुसरी म्हणाली, "असं कसं? तो पडला नाही ना!" झालं, वर्गाचे दोन तट पडले. मी म्हटलं, थांबा. निकाल देण्याआधी साक्षीपुरावा तर ऐका.

ब्रॅडबरी काही हौस म्हणून उतरलेला नवखा नव्हता. १९९१ साली सिडनीत जागतिक स्पर्धा झाल्या, तिथं सांघिक शर्यत जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या संघात तो होता. १९९४ साली नॉर्वेतल्या लिलेहामर ऑलिंपिकमध्ये याच संघाने कांस्यपदक मिळवलं. ऑस्ट्रेलियाचं ते हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलंवहिलं पदक. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. पुढे उज्ज्वल काळ आहे असं सगळ्यांना वाटत होतं.

पण त्याच वर्षी कॅनडातल्या माँट्रियलला एका शर्यतीत टक्कर झाली आणि दुसऱ्या खेळाडूच्या बुटाचं पातं त्याच्या मांडीत घुसलं. सुमारे चार लिटर रक्त वाहून गेलं. मोठ्या माणसाच्या अंगात असतंच मुळी पाच लिटरच्या आसपास! मांडीला १११ टाके पडले. फेरीही १११ मीटरची आणि टाकेही १११. पाय पूर्ववत व्हायला दीड वर्ष गेलं.

तो पुन्हा उभा राहिला. २००० साली सराव करताना पुढचा खेळाडू पडला. त्याच्यावरून उडी मारायला गेला आणि डोक्यावर कडेला आदळला. मानेचे दोन मणके मोडले. डोक्याभोवती धातूचं कडं बसवून, ते कवटीला स्क्रूने पक्कं करून, दीड महिना मान जराही हलवायची नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आता स्केटिंग विसरा. विचार करा मुलांनो, आपण असतो तर काय केलं असतं? त्याने ठरवलं, अजून एक ऑलिंपिक खेळायचंच. दीड वर्षाच्या आत तो सॉल्ट लेक सिटीला हजर होता.

आता त्या दिवशीच्या डावपेचाकडे बघू. उपांत्यपूर्व फेरीत तो तिसरा आला. पुढे जाणार होते दोघेच. म्हणजे खेळ खलास. पण कॅनडाच्या मार्क गान्यॉंला पंचांनी बाद केलं आणि ब्रॅडबरीला जागा मिळाली. उपांत्य फेरीआधी त्याने आपल्या प्रशिक्षक ॲन झँग यांच्याशी विचार केला. इतर सगळे आपल्यापेक्षा वेगवान आहेत. आपले पायही थकलेत. घोळक्यात शिरून धडपडण्यापेक्षा मागे राहावं. हे सगळे जिंकायच्या ईर्ष्येने एकमेकांना भिडणार. पडले तर आपण उभे असू. आणि तसंच झालं! तिघे जण पडले, वर जपानचा खेळाडू बाद ठरला आणि ब्रॅडबरी अंतिम फेरीत आला. मग अंतिम फेरीतही त्याने तोच बेत ठेवला.

म्हणजे त्याने स्वतःची ताकद ओळखली आणि स्वतःचा कमकुवतपणाही ओळखला. आपल्याला काय येत नाही हे ओळखायला अक्कल लागते, आणि ते कबूल करायला धीर लागतो.

तरी मागच्या बाकावरच्या त्या मुलाचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. नशीब होतंच. ब्रॅडबरी स्वतःही ते नाकबूल करत नाही. आपण सगळ्यांत वेगवान नव्हतो, हे त्याने उघडपणे सांगितलं. हे पदक त्या दीड मिनिटासाठी नाही, आधीच्या दहा वर्षांच्या कष्टांसाठी घेतो, अशा अर्थाचं तो बोलला. पण मला एक सांगा, नशिबाने दार ठोठावलं तेव्हा दाराशी हजर कोण होतं? त्याच्याहून वेगवान खेळाडू उपांत्य फेरीत होते, उपांत्यपूर्व फेरीत होते. ते त्या शेवटच्या वळणावर नव्हते. हा होता. मोडलेली मान आणि शिवलेली मांडी घेऊन होता.

आता खरी परीक्षा. समजा, ते चौघे पडलेच नसते तर? ब्रॅडबरी पाचवा आला असता. ना पदक, ना टाळ्या. मग त्याची दहा वर्षं फुकट गेली असं म्हणायचं का? मेहनत केली की पदक मिळतंच, असं मी तुम्हाला कधी सांगणार नाही, कारण ते खरं नाही. शर्यतीत पहिला एकच येतो आणि मेहनत तर पुष्कळ जण करतात. पण मान मोडल्यावर पुन्हा बर्फावर उभं राहणारा माणूस पाचवा आला असता, तरी तेवढाच मोठा ठरला असता. फक्त आपल्याला त्याचं नाव कळलं नसतं.

पालकांनाही एक विनंती. निकालाच्या दिवशी "कितवा नंबर?" हे जरूर विचारा. पण त्याच्या आधी "या वर्षी काय नवीन जमलं?" एवढं विचारून बघा. मुलाचा चेहरा कसा खुलतो ते पाहा.

पुढे काय झालं? थोड्याच दिवसांत ऑस्ट्रेलियात ब्रॅडबरीच्या चित्राचं टपाल तिकीट निघालं. तिकडे अनपेक्षितपणे कुणी जिंकलं की "ब्रॅडबरी केलंस!" अशा अर्थाचं म्हणायची पद्धत पडली. जखमी ओनोने चारच दिवसांनी १५०० मीटरचं सुवर्णपदक मिळवलं. आणि तो १६ वर्षांचा आन? त्या दिवशी हात हलवत परत गेलेल्या त्या मुलाने २००६ साली इटलीतल्या ट्यूरिनला तीन सुवर्णपदकं जिंकली! पडला म्हणून संपला नाही, हे त्यालाही लागू पडतं. ब्रॅडबरीने २०२२ साली क्वीन्सलँडच्या समुद्रात बुडणाऱ्या चार मुलींना वाचवलं. तिथंही तो वेळेवर हजर होता!

करून बघा : मैदानावर चुन्याने एक मोठं आणि एक लहान वर्तुळ आखा. दोन्हींवरून सारख्याच वेगाने पळा. कोणत्या वर्तुळावर अंग आत जास्त कलतं? आणि वेग वाढवला की काय होतं? वहीत लिहून ठेवा. पण एका वेळी एकानेच पळायचं बरं का, नाहीतर तुमचंही शेवटचं वळण व्हायचं!

आणि घरी जेवताना चर्चा करा : ब्रॅडबरीला पदक आयतं मिळालं की कमावलेलं? आजी-आजोबांनाही विचारा. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल मात्र देऊ नका.

— तुमच्या बाई