तीन वर्षे खायचे काय?

दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) होण्यासाठी किमान तीन वर्षे वकिली केलेली असावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिला. त्या खंडपीठाचे नेतृत्व तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्याकडे होते. २००२ साली याच न्यायालयाने ही अट काढून टाकली होती. कोर्टाची पायरी न चढलेला पदवीधर थेट न्यायासनावर बसला की काय होते, याचा वीस वर्षांचा अनुभव बहुतेक उच्च न्यायालयांनी मांडला आणि अट परत आली. तत्त्व म्हणून ती योग्यच आहे. उलटतपासणीत गडबडणारा साक्षीदार पुस्तकात भेटत नाही. पण ही तीन वर्षे कोणाच्या खर्चाने काढायची, याचे उत्तर त्या अटीत नाही, आणि गोंदिया जिल्ह्यातल्या मुलांचे घोडे नेमके तिथेच अडते.

देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या धान पिकवणाऱ्या घरातली मुलगी सीईटी देते, कायद्याची पदवी घेते, सनद काढते, बार कौन्सिलची परीक्षा पास होते. सनदेचे शुल्क खुल्या वर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही, हे ३० जुलै २०२४ च्या निकालाने ठरले, हे बरे झाले. मात्र त्यानंतर सीनिअरच्या हाताखाली नकला काढणे, तारखा घेणे, अर्जांचे मसुदे करणे सुरू होते आणि हाती येते ते पेट्रोलपुरते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. शिफारसच ती! तालुक्याचा सीनिअर तरी एवढे कुठून देणार? फेरफार, वाटणी, पोटगी, चेकचे खटले यांवर त्याचे घर चालते, आणि पक्षकाराची फी धानाचे चुकारे झाल्यावर येते. त्याला दोष देऊन भागणार नाही. परिणाम एवढाच की ज्याच्या बापाची वकिली किंवा राइस मिल आहे तो ही तीन वर्षे सहज काढील. बाकीचे खासगी नोकरी धरतील. न्यायाधीशांची निवड परीक्षेआधीच घरच्या ऐपतीवर होऊन जाईल.

म्हणून या तीन वर्षांचे विद्यावेतन राज्याने द्यावे. बेरोजगार पदवीधर सगळीकडे आहेत, वकिलांचेच लाड का, असे कोणी विचारील. फरक असा की इथे अनुभवाची सक्ती खुद्द न्यायव्यवस्थेनेच केली आहे. डॉक्टरला इंटर्नशिपची सक्ती आहे, तर विद्यावेतनही आहे. शिकाऊ उमेदवार कायदा आणि अधिवक्ता कायदा दोन्ही १९६१ चे. कारखान्यातल्या शिकाऊ कामगाराला पहिल्याने विद्यावेतनाचा हक्क दिला, शिकाऊ वकिलाला दुसऱ्याने काही दिले नाही. तिजोरीत पैसा नाही, ही सबबही टिकत नाही. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत याच राज्याने पदवीधरांना दरमहा १० हजार देऊ केले. आंध्र प्रदेशाने २०१९ साली नव्या वकिलांना तीन वर्षे दरमहा ५ हजार, तर तामिळनाडूने २०२० मध्ये दोन वर्षे ३ हजार देण्याची योजना आणली.

गैरवापराची शंका मात्र खरी आहे. सनद कपाटात, धंदा दुसराच आणि पैसे सरकारचे, असे होणारच. त्यावर उपाय म्हणजे हे पैसे कामाशी बांधणे. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतील आरोपी यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. गोंदियात हे काम भरपूर आहे: वनहक्काचे अडलेले दावे, नवेगाव-नागझिऱ्याच्या काठच्या गावांतले वन गुन्हे, कोठडीतल्या आरोपींचे जामीन. गोंडी, पोवारी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या पक्षकाराचे म्हणणे नागपूरहून तारखेपुरत्या येणाऱ्या वकिलापेक्षा गावचा ज्युनिअर लवकर समजून घेईल. महिन्याला ठरावीक प्रकरणे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यांची नोंद, न्यायिक अधिकाऱ्याची सही आणि मगच पैसे, अशी रचना अवघड नाही. न्यायाधीशपदासाठी लागणारा अनुभवाचा दाखलाही न्यायिक अधिकाऱ्याच्या सहीनेच पक्का होतो.

जिल्ह्याच्या चारही आमदारांनी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ही मागणी लावून धरावी, आणि जिल्हा वकील संघाने तिचा मसुदा त्याआधी त्यांच्या हाती द्यावा.