सरकारचा वकील कीं मंत्र्यांचा वकील?

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आमच्याकडे चाकरीच्या प्रत्येक प्रकारास लावण्यांत येते, आणि बहुतेक ठिकाणीं ती खरीही ठरते. पण राज्यसरकारच्या वकिलास ती लावूं पाहणाऱ्यानें आधीं एका प्रश्नाचें उत्तर दिलें पाहिजे. ही पोळी कोणाची? मंत्रिमंडळें येतात व जातात. वकिलाची फी मात्र व्यापाऱ्याच्या करांतून आणि शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यांतून दिली जाते. अशील मंत्री नव्हे, राज्य होय. आणि राज्य म्हणजे अखेर आपणच.

अशा प्रसंगीं रामशास्त्र्यांचें नांव घेण्याची आमच्याकडे चाल आहे. पण रामशास्त्री न्यायाधीश होते. न्यायाधीशास निकाल देऊन मोकळें होतां येतें. सरकारच्या वकिलास अशिलाची बाजू लढवावयाची असते आणि खोलीचें दार लावून त्याच अशिलास "हें कायद्यांत बसत नाहीं" असेंही सांगावयाचें असतें. हें काम अधिक अवघड, आणि त्याचा पोवाडा कोणी गात नाहीं.

तें काम कसें करावें याचा उत्तम नमुना मुंबईनें पाहिला आहे. होरमसजी माणेकजी सीरवाई १९५७ सालीं मुंबई राज्याचे अॅडव्होकेट जनरल झाले. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, यशवंतराव चव्हाणांपासून वसंतराव नाईकांपर्यंत मुख्यमंत्री बदलले, तरी १९७४ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षें, हे गृहस्थ त्याच जागीं राहिले. पदावर असतांनाच १९६७ सालीं त्यांनीं भारताच्या संविधानावरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवर त्यांत कठोर टीका केली. ज्या न्यायालयापुढें रोज उभें राहावयाचें त्याचेंच चुकलें असें छापून सांगणारा वकील मंत्र्यास भिईल हें संभवत नाहीं.

केशवानंद भारती यांच्या सुप्रसिद्ध खटल्यांत ते केरळ राज्यातर्फे उभे राहिले. समोर नानी पालखीवाला. दोघेही सर जमशेटजी कांगा यांच्याच चेंबरांत तयार झालेले. घटनादुरुस्तीच्या अधिकारास गर्भित मर्यादा नाहींत, असें सीरवाईंनीं मांडलें. २४ एप्रिल १९७३ रोजीं तेरा न्यायाधीशांनीं सात विरुद्ध सहा अशा मतांनीं निकाल दिला, आणि संविधानाची मूळ चौकट मोडतां येणार नाहीं हा सिद्धांत प्रस्थापित झाला. पुढें आणीबाणी आली. तिचा अनुभव घेतल्यावर याच सीरवाईंनीं आपल्या ग्रंथांत मत बदललें आणि तो सिद्धांत मान्य केला. १९७६ च्या बंदिप्रत्यक्षीकरणाच्या निकालावर १९७८ सालीं स्वतंत्र पुस्तक लिहून झोड उठविली. पद सुटल्यावर बोलणें सोपें असतें, असें कोणी म्हणेल. परंतु आपलाच गाजलेला युक्तिवाद आपल्याच ग्रंथांत खोडून काढणें कोणासही सोपें नसतें. अनुभवानें मत बदलणारा मनुष्य आणि खुर्चीबरोबर मत बदलणारा मनुष्य यांतील भेद आमच्या वाचकांस सांगावयास नको. मोतीलाल सेटलवाड यांनीं तर १९४२ सालीं पुढाऱ्यांची धरपकड होतांच मुंबईचें हेंच पद सोडून दिलें होतें.

संविधानाच्या १६५ व्या कलमानें या पदास मान दिला आहे. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असा मनुष्यच तेथें बसूं शकतो. १७७ व्या कलमानें त्यास विधिमंडळांत बोलण्याचा हक्क आहे, मताचा नाहीं. पण राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच ही जागा टिकते, आणि ती मर्जी व्यवहारांत कोणाची असते हें लहान पोरही जाणतें.

खालच्या पायरीवर तर आनंदच आहे. १९९० सालीं उत्तर प्रदेश सरकारनें एका परिपत्रकानें साऱ्या जिल्ह्यांतील सरकारी वकिलांस एकदम घरीं पाठविलें. सर्वोच्च न्यायालयानें तें परिपत्रक मनमानी ठरवून रद्द केलें. २०१६ सालीं पंजाब व हरियाणा यांच्या प्रकरणांत त्याच न्यायालयास पुन्हा सांगावें लागलें कीं, सरकारी वकिलांच्या नेमणुका म्हणजे खिरापत नव्हे. सव्वीस वर्षांत धडा किती उतरला, तें वाचकांनींच ताडावें.

यांत आपलें काय गेलें, असें पेठेंतील व्यापाऱ्यानें म्हणूं नये. सरकारवर दावा लावण्यापूर्वीं दिवाणी कार्यपद्धतीच्या ८० व्या कलमाप्रमाणें दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. हेतु हा कीं, मागणी रास्त असेल तर सरकारनें ती कोर्टाबाहेरच भागवावी. ही सूचना सरकारास कोणी द्यावयाची? ज्याची नेमणूक कोणाच्या तरी शिफारशीवर टांगलेली आहे तो "पैसे परत करा" असें लिहून आपल्या अंगावर कशास घेईल? त्यापेक्षां दावा लढवावा, हरल्यावर अपील करावें. फी दोन्ही वेळां मिळते आणि व्याजासह भुर्दंड पडतो तो करदात्यावर.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, तालुक्याच्या कोर्टापासून उच्च न्यायालयापर्यंत प्रत्येक सरकारी वकिलाची निवड समितीनें करावी, तींत न्यायखात्याच्या अनुभवी माणसांस स्थान असावें, निवडीचीं कारणें लेखी ठेवावीं, आणि मुदतीपूर्वीं कोणास काढल्यास त्याचें कारणही लेखी द्यावें. व्यापारी मंडळांचीं शिष्टमंडळें करांच्या दरासाठीं मंत्र्यांच्या भेटीस जातच असतात. पुढील खेपेस अर्जांत ही एक मागणीही घालावी.