पाण्यावरचे घर

खिडकीखाली पाणी आणि मनाला येईल तिकडे नेता येणारे घर! ऐकूनच हेवा वाटतो, नाही का? इंग्लंडमध्ये हजारो माणसे अशा घरात राहतात. अठराव्या शतकात कोळसा व इतर माल नेण्यासाठी तिथे कालवे खणले गेले. बोटींना वर-खाली नेणारी त्यांवरची अनेक जलद्वारे जेमतेम ७ फूट रुंद. म्हणून बोटीही तेवढ्याच अरुंद, पण ७० फुटांपर्यंत लांब. पूर्वी त्या घोडे ओढत. आज याच ‘नॅरोबोटीं’त कुटुंबे संसार थाटतात.

मात्र या घराचे दुखणे दिसत नाही. ते पाण्याखाली असते. वरून नवी कोरी वाटणारी बोट तळाशी गंजलेली असू शकते. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी तिला बाहेर काढून धुतात, खरवडतात आणि डांबरी काळा रंग देतात. तळाला मॅग्नेशियमचे ठोकळे वेल्डिंगने जोडलेले असतात. ते स्वतः झिजतात आणि पोलाद वाचवतात. ठोकळे संपले, की बोट झिजू लागते.

दुसरी काळजी पंख्याची. प्लॅस्टिक, चिंध्या त्यात अडकतात. त्या काढण्यासाठी पंख्याच्या वर एक झाकण असते. आधी इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच हात पाण्यात, हा नियम. काम झाल्यावर झाकण नीट बसवले नाही, तर इंजिन सुरू होताच पाणी आत उसळते आणि बोट बुडूही शकते. एवढ्याशा झाकणापायी सारा संसार पाण्यात!

तिसरी काळजी सर्वांत मोठी. थंडीत दारे-खिडक्या लावून शेगडी पेटवली आणि तिचे धुराडे तुंबलेले असले, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही. झोपेतच घात होतो. म्हणून राहत्या बोटीत धोक्याची सूचना देणारे यंत्र २०१९ पासून सक्तीचे आहे. गॅस, वीज, इंधन यांची तपासणी करून चार वर्षांसाठी सुरक्षा प्रमाणपत्र मिळते. पण प्रमाणपत्र भिंतीवर लागले म्हणून रोजची नजर ठेवणे सुटत नाही.

आपली घरे जमिनीवर आहेत, एवढाच काय तो फरक. आपल्या स्वयंपाकघरातील गॅसची नळी शेवटची कधी बदलली, आठवते का? नसेल आठवत, तर आजच पाहा.